यादी ‘गाळायची’ का ‘निवडायची’?

प्रश्न असा आलाय की वेबसाईटच्या टेम्प्लेटमधे, म्हणजे ज्यात माहिती भरली की पान तयार होतं त्या साच्यात, एखाद्या यादीतल्या अटीत बसणाऱ्याच गोष्टी दाखवायच्या असतील तर त्या फिल्टर करण्याला मराठीत ‘गाळणे’ म्हणावं का. विचारणारा सांगलीत पोरांना वेबसाईट बनवायला शिकवतो, त्याला नोट्स मराठीत लिहायच्यात.

यादीसाठी ‘गाळणे’ अजिबात नको. चहा गाळला म्हणलं की चहा कपात आला आणि चोथा गेला, तिथं शब्द बरोबर बसतो. पण यादीचा विषय निघाला की हाच शब्द उलटा फिरतो, ‘यादीतनं नाव गाळलं’ म्हणजे नाव गेलं, आणि ‘गाळलेल्या जागा भरा’ तर शाळेत सगळ्यांनीच सोडवलंय. मी एका दुकानाच्या वेबसाईटसाठी सूचना लिहिताना ‘शिल्लक असलेला माल गाळा’ असं लिहून बसलो होतो, कोड लिहिणाऱ्या पोरानं मराठीत जो अर्थ होतो तोच घेतला आणि पानावर फक्त संपलेला माल दिसायला लागला. तेव्हापासून मी या शब्दाच्या बाबतीत फार काटेकोर आहे.

टेम्प्लेट ज्या भाषांत लिहितात त्यांनी ठेवणं आणि सोडणं या दोन कामांना दोन नावं दिलीत. जिंजा नावाच्या भाषेत सिलेक्ट म्हणजे अटीत बसेल ते ठेव आणि रिजेक्ट म्हणजे अटीत बसेल ते सोड. लिक्विड या दुसऱ्या भाषेतलं व्हेअर पण जुळणारंच ठेवतं. मग आपणही दोन शब्द वापरू, निवडणे आणि वगळणे.

‘निवडणे’च का, तर तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर बघा. बायका ढीग पुढ्यात घेऊन बसलेल्या असतात आणि सांगणारी सांगते, “काळा तेवढा बाजूला काढा गं.” हात चालतो तो काळ्या बेदाण्यावर, म्हणजे जे नाव घेतलं ते हातात येतं. तांदूळ निवडले काय आणि तांदळातले खडे निवडले काय, ज्याचं नाव घेतलं ते वेगळं निघालं एवढं पक्कं. ‘चाळणे’त हे होत नाही, पीठ चाळलं की खाली पडलेलं आपलं, बेदाणा चाळला की मोठा दाणा चाळणीवर राहतो आणि तोच जास्त भावाचा. कोड लिहिणाऱ्यानं वरचं घ्यायचं का खालचं?

आता त्या बाईच्या वाक्यातला ‘तेवढा’ परत वाचा, मला तर सगळी गंमत त्यातच दिसते. पुष्कळ जण व्हेअरचं ‘जिथे’ करतात, ‘जिथे रंग हिरवा आहे ते बेदाणे’, असं आपल्याकडं कोण बोलतं? ‘जिथे’ म्हणलं की मराठी माणूस जागा शोधतो. आपण म्हणतो ‘हिरवे तेवढे दे’, ‘ज्यांचे पैसे आलेत तेवढ्यांना पावती दे’. अट आधी, मग ‘तेवढे’, की झालं फिल्टर. आणि उलटं हवं असेल तर ‘सोडून’, ‘काळे सोडून सगळे दे’. नोट्समधे समजावण्याची वाक्यं अशीच लिहा, पोरं एका वाचनात धरतील.

एक मात्र सांभाळा. टेम्प्लेटमधे उभी रेघ मारून पुढं जे काही लिहितात त्या सगळ्यालाच फिल्टर म्हणतात, अक्षरं कॅपिटल करणारं अपकेससुद्धा लिक्विडमधे फिल्टरच. त्यात निवडणं नाही न् वगळणं नाही, नुसतं रूप बदलणं आहे. त्यामुळं त्या अख्ख्या जातीचं नाव ‘फिल्टर’ असंच देवनागरीत ठेवा, आणि ‘निवड’ हा शब्द व्हेअर न् सिलेक्ट असल्यांसाठीच राखून ठेवा. शिवाय व्हेअरनं निवड केली तरी मूळ यादी जागेवर तशीच असते, नवी यादी वेगळी मिळते, त्यामुळं ‘काढून टाकणे’ पण कुठं लिहू नका, नाहीतर पोरांना वाटेल की माल डिलीटच झाला.