दुखण्यावरची गोळी निवडताना

प्रश्न : डोके दुखले, दाढ ठणकली, पाय मुरगळला किंवा मुलीची पाळी आली, की औषधाच्या डब्यातली हाताला लागेल ती वेदनाशामक गोळी आमच्या घरात घेतली जाते. सासूबाई सत्तर वर्षांच्या असून त्यांना रक्तदाबाची औषधे सुरू आहेत. गुडघे दुखले की त्याही त्यातलीच गोळी घेतात. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांपैकी कोणत्या दुखण्याला कोणती घ्यावी? जास्त 'पॉवर'ची गोळी घेतल्यास लवकर बरे वाटते का?

उत्तर : सासूबाईंबद्दल आधी लिहितो, कारण आपल्या घरात सर्वांत जास्त धोका त्यांना आहे. त्या घेत असलेली गोळी आयबुप्रोफेनची किंवा त्याच गटातली असेल, तर तिने रक्तदाब वाढू शकतो आणि रक्तदाबाच्या औषधांचा परिणाम कमी होऊ शकतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध आणि त्यासोबत आणखी काही विशिष्ट औषधे सुरू असतील, तर त्यात या गोळीची भर पडल्याने मूत्रपिंडावर एकाच वेळी तिन्हीकडून ताण येतो. वयोमानाने जठराचे अस्तरही नाजूक झालेले असते आणि काही वेळा पोटात आधी काहीही न दुखता रक्तस्राव सुरू होतो. म्हणून त्यांची गोळी आजच थांबवावी आणि गुडघ्यावर लावायचे डायक्लोफेनॅकचे जेल चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. जेलमधला औषधाचा फारच थोडा अंश रक्तात उतरतो आणि गुडघा किंवा हाताच्या बोटांसारख्या त्वचेजवळच्या सांध्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. शेक द्यावा, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्यावेत. दीर्घकाळात गुडघ्याला त्यांचाच आधार मिळतो.

आता निवडीविषयी. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वेदनाशामकांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक पॅरासिटामॉल, जे ताप आणि वेदना कमी करते, पण सूज फारशी उतरवत नाही. दुसरा गट आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन यांचा. दुखापत झालेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते आणि त्यांच्यामुळे ती जागा सुजते, हुळहुळी होते. ही द्रव्ये तयार होण्यालाच या गटातली औषधे आळा घालतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि या क्षेत्रातील कामासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मात्र जठराचे अस्तर सांभाळणे आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणे ही कामेही प्रोस्टाग्लँडिनच करतात, त्यामुळे गुण आणि अपाय एकाच कारणातून येतात.

यावरून निवड बरीच सोपी होते. साधी डोकेदुखी, अंगदुखी आणि ताप यांसाठी पॅरासिटामॉलने सुरुवात करावी. पाळीच्या वेळी पोटात येणाऱ्या कळा गर्भाशयात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनमुळेच येतात, म्हणून आपल्या मुलीला आयबुप्रोफेनचा गुण सहसा अधिक येईल; कळ असह्य होईपर्यंत न थांबता दुखणे सुरू होताच, काहीतरी खाऊन ती गोळी घ्यावी. दाढदुखीतही आयबुप्रोफेन उपयोगी पडते आणि एकट्याने भागले नाही, तर त्यासोबत पॅरासिटामॉल घेता येते, कारण दोन्हींची कामाची पद्धत वेगळी आहे. पण आयबुप्रोफेनबरोबर नॅप्रोक्सेन किंवा डायक्लोफेनॅक कधीही घेऊ नये. मुरगळलेल्या घोट्याला बहुतेक वेळा विश्रांती, बर्फाचा शेक आणि जेल पुरेसे असते.

पोटात व्रण होऊन गेलेला, रक्त पातळ करणारे औषध सुरू असलेला, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेला, अशा गोळीने पूर्वी दमा उफाळलेला, अशा कोणीही आयबुप्रोफेनच्या गटापासून दूर राहावे. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर हा नियम विशेष काटेकोरपणे पाळावा.

'पॉवर'विषयी सांगायचे तर, ठरलेल्या मात्रेपलीकडे वेदना फारशी अधिक कमी होत नाही, अपाय मात्र वाढत जातो. प्रौढ व्यक्तीने स्वतःहून घेताना आयबुप्रोफेन २४ तासांत १२०० मिलिग्रॅमच्या आणि पॅरासिटामॉल ४००० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नये. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा विकार असेल किंवा नियमित मद्यपान असेल, तर पॅरासिटामॉलची मर्यादा याहून कमी असते आणि ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. इथे एक घोटाळा वारंवार होतो. तापासाठी पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा घेतली, तर २६०० मिलिग्रॅम झाले. त्याच दिवशी सर्दीसाठी वेगळ्या नावाची गोळी चार वेळा घेतली आणि तिच्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असेल, तर आणखी २००० पोटात गेले. एकूण ४६०० मिलिग्रॅम, आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही! म्हणून पाकिटावरच्या मोठ्या अक्षरांतल्या नावाऐवजी खाली बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी. चुकून मात्रा जास्त झाली, तर त्रास होत नाही म्हणून वाट पाहू नये. पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो आणि यकृताची हानी नंतर उघड होते. पहिल्या आठ तासांत उतारा दिल्यास यकृत बहुतेक वेळा वाचते.

प्रश्न : माझे डोके जवळजवळ रोज दुखते आणि रोज गोळी घ्यावी लागते. गोळी बदलून पाहावी का?

उत्तर : गोळी बदलू नये, ती किती दिवस घेतली जाते, याची नोंद ठेवावी. साधे वेदनाशामक महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, किंवा अनेक घटक एकत्र असलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. अर्धशिशी असणाऱ्यांत हे विशेष आढळते. गोळी बंद केल्यावर काही दिवस दुखणे वाढते आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. मात्र डोके अचानक, क्षणार्धात असह्य दुखू लागले, तापासोबत मान आखडली, दृष्टी किंवा बोलणे बिघडले, तर गोळी घेऊन पडून न राहता तातडीने रुग्णालय गाठावे.

प्रश्न : लहान मुलाला ताप आणि अंगदुखी असल्यास मोठ्यांची ॲस्पिरिनची गोळी अर्धी करून द्यावी का?

उत्तर : मुळीच देऊ नये. सोळा वर्षांखालील मुलांमध्ये विषाणूजन्य तापात ॲस्पिरिन दिल्याने राय सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताला इजा करणारा, क्वचित आढळणारा पण प्राणघातक ठरू शकणारा विकार होऊ शकतो. डेंग्यूची शंका असेल, तर रक्तस्रावाच्या भीतीने ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोन्ही कोणत्याही वयात टाळावीत. मुलाला पॅरासिटामॉलचे पातळ औषध वजनानुसार, दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, किमान चार तासांच्या अंतराने आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा होणार नाही असे द्यावे. त्यासाठी घरातला चमचा न वापरता बाटलीसोबत आलेले मापच वापरावे. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ताप आल्यास स्वतःहून कोणतेही औषध न देता लगेच डॉक्टरांकडे न्यावे.