रिले बदलला, दिवे हिरवे, पण पंप आपोआप चालू होतोय

प्रश्न: सर, मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. हायड्रॉलिक प्रेसचा सेफ्टी रिले (इमर्जन्सी बटण दाबलं की मशीन थांबवणारा) गेला, त्याच कंपनीचा मिळेना म्हणून दुसऱ्या कंपनीचा आणला, २४ व्होल्टचाच, कॉन्टॅक्ट पण तेवढेच. दोन वायरी कुठे टाकायच्या कळेना म्हणून त्या मोकळ्या सोडल्या आणि रिलेवर तिथे लूप मारला, म्हणजे ती दोन टर्मिनल वायरच्या तुकड्याने थेट जोडली. आता इमर्जन्सी दाबून परत सोडली की रिसेट न दाबताच पंप चालू होतो. सुपरवायझर म्हणतात चालतंय ना, राहू दे. राहू द्यायचं का?

उत्तर: अजिबात नाही. आज शिफ्ट चालू असेल तरी ती प्रेस थांबवा. इमर्जन्सी बटण सोडल्यावर मशीनला परत चालू व्हायची फक्त परवानगी मिळाली पाहिजे, ते स्वतःहून चालू होता कामा नये, मशीनच्या इलेक्ट्रिकल सेफ्टीच्या आयईसी ६०२०४-१ स्टँडर्डमध्ये हे स्पष्ट दिलंय, सुपरवायझरना तेच दाखवा. डायमध्ये अडकलेला जॉब काढायला कुणी हात घातलाय आणि दुसऱ्याने बटण सोडलं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

बऱ्याच रिलेंमध्ये रिसेटची वायर एका टर्मिनलला गेली तर मॅन्युअल आणि शेजारच्याला गेली तर ऑटो रिसेट होतो, आणि कंपनी बदलली की नंबर पण बदलतात. तुमचं बहुतेक इथेच चुकलंय. नवीन रिलेचा डेटाशीट काढा आणि मॉनिटर्ड रिसेटचं कनेक्शन करा, म्हणजे बटण दाबून सोडल्यावरच रिले लागेल आणि बटण अडकलं असेल तर लागणारच नाही.

पण मला जास्त खटकला तो तुमचा लूप. तुम्ही मोकळ्या सोडल्यात त्या बहुतेक फीडबॅकच्या वायरी, दोन्ही कॉन्टॅक्टरचे (रिलेच्या हुकमाने पॉवर जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) एनसी कॉन्टॅक्ट, म्हणजे कॉन्टॅक्टर सुटलेला असताना जुळलेले असणारे, सिरीजमध्ये घेऊन रिलेपर्यंत आलेल्या. एखादा कॉन्टॅक्टर चिकटला की त्याचा एनसी परत जुळत नाही आणि रिले रिसेट घेत नाही, असं ते काम चालतं. लूप मारल्यावर रिलेला हे दिसतच नाही. पहिला चिकटला तरी दुसरा प्रेस थांबवत राहतो, कुणाला पत्ता लागत नाही, आणि ज्या दिवशी दुसरा पण चिकटेल त्या दिवशी प्रेस थांबणार नाही.

लाइट कर्टन (हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) पण ह्याच रिलेतून जात असेल तर नवीन रिलेचा रिस्पॉन्स टाइम बघाच. असा कर्टन किती लांब बसवायचा ते सांगणाऱ्या आयएसओ १३८५५ स्टँडर्डमध्ये हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरतात, म्हणजे रिले १५ मिलिसेकंद हळू असेल तर कर्टन ३० मिलिमीटर मागे घ्यावा लागतो. डेटाशीटवरचा परफॉर्मन्स लेव्हल, म्हणजे सेफ्टी किती भरवशाची त्याचा दर्जा, पण जुन्यापेक्षा कमी नको.

काम करताना रॅम खाली टेकवा नाहीतर सेफ्टी ब्लॉक लावा, तेलाचं प्रेशर उतरवा, मेन आयसोलेटरला स्वतःचं कुलूप लावून चावी खिशात ठेवा आणि टेस्टरने सप्लाय गेल्याची खात्री करा. वायरी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरला नंबर लावा, पुढच्या वेळी लूप मारायची वेळच येणार नाही.

मग टेस्ट, आणि ही प्रेसजवळ कुणी नसताना करायची. प्रत्येक इमर्जन्सी बटण वेगवेगळं दाबून बघा, सगळी, मागच्या बाजूचं धूळ बसलेलं पण. मग सप्लाय बंद करून एका चॅनलची (इमर्जन्सी बटणापासून रिलेपर्यंतच्या दोन स्वतंत्र सर्किटपैकी एकाची) वायर काढा आणि चालू करा, रिले लागायलाच नको, तसंच दुसऱ्या चॅनलला. फीडबॅकची वायर काढून रिसेट दाबा, तेव्हाही लागायला नको. ह्यातलं एक जरी फेल झालं तरी प्रेस प्रॉडक्शनला देऊ नका. निकाल तारखेसकट रजिस्टरला लिहा आणि सुपरवायझरची सही घ्या.

जुना रिले फेकू नका. कॉन्टॅक्ट जळून गेला असेल तर कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर सप्रेसर (कॉइल सुटताना येणारा व्होल्टेजचा झटका शोषणारा) आहे का आणि फ्यूज बरोबर रेटिंगचा आहे का तपासा, नाहीतर नवीन पण तसाच जाईल.