पिंजऱ्यातल्या माणसाचं ऐकून घेणारे सिनेमे

प्रश्न : तुम्ही सत्र न्यायालयात लघुलेखिका होतात, असं मागे एका उत्तरात लिहिलं होतंत. कोर्टावरच्या सिनेमांपैकी तुमचे आवडते कोणते? माझ्या मते 'दामिनी'तल्या सनी देओलच्या तारखांवरच्या भाषणाला तोड नाही.

उत्तर : 'दामिनी' (१९९३) मलाही आवडतो, पण त्या भाषणासाठी नाही. अमरीश पुरींचा चढ्ढा वकील दामिनीला प्रश्नांत कोंडतो, तो भाग मला जास्त अस्वस्थ करतो. ती खरं बोलतेय हे आपल्याला ठाऊक असतं, आणि तरी तिचा धीर सुटत जातो. खरं सांगणारा माणूस अडखळतो, हे मी कोर्टात बसून फार पाहिलंय. पढवून आणलेला साक्षीदार बहुधा घडाघडा बोलतो.

माझं काम साक्ष टंकण्याचं. साक्षीदार त्याच्या बोलीत सांगणार, न्यायाधीश साहेब ते कागदावर बसेल अशा वाक्यात मला सांगणार आणि मी टंकणार. वकिलांनी "तुम्ही खोटं बोलताय" असं म्हटलं आणि साक्षीदाराने नकार दिला, की नोंद होते : 'हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' त्याने गिळलेला आवंढा, दाराकडे टाकलेली नजर, यातलं सहसा काही कागदावर येत नाही. आणि अपिलात वरच्या कोर्टापुढे माणूस नाही, हा कागद जातो. म्हणून कोर्टाचा सिनेमा बघताना मी एवढंच बघते, की पिंजऱ्यातल्या माणसाचं दिग्दर्शकाने नीट ऐकून घेतलंय का.

त्या दृष्टीने चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) माझा पहिल्या क्रमांकाचा. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. कांबळेंची भूमिका वीरा साथीदार यांनी केली आहे. कॅमेरा लांब उभा असतो आणि जागचा हलत नाही, त्यामुळे कोर्टातली सगळी वर्दळ एका चौकटीत दिसते. न्यायाधीश सदावर्ते साक्षीदाराचं म्हणणं टंकलेखकाला सांगतात, ते पाहून मला फार बरं वाटलं. हिंदी सिनेमात आमची माणसं कोपऱ्यात नुसती बसलेली असतात.

त्यात मृत कामगाराची बायको साक्षीला येते. नवऱ्याला संरक्षणाचं कसलंही साहित्य मिळत नव्हतं, असं ती सांगते. गटारात हवा आहे का हे कळायला तो आधी खडा टाकायचा आणि झुरळं दिसली की मगच उतरायचा. रडणं नाही, आवाज चढवणं नाही. जो माणूस उतरण्याआधी हवा तपासत होता, तो मरायला उतरला हे म्हणणं तिथेच उघडं पडतं. दिग्दर्शक मात्र मागे संगीत वाजवत नाही, की वकिलाच्या चेहऱ्यावर विजय दाखवत नाही. तिचे शब्द जसेच्या तसे आपल्या हाती देतो. साक्ष ऐकावी ती अशी.

या सिनेमाचं आणखी एक मला फार मोलाचं वाटतं. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी संध्याकाळी लोकलने घरी जातात, स्वयंपाकाला लागतात. त्या खलनायिका नाहीत. कलमं वाचून दाखवणं हे त्यांचं रोजचं काम, आणि त्या कामात एक माणूस तुरुंगात सडतोय. उत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक या सिनेमाला मिळालं, ते अगदी योग्य माणसांच्या हाती गेलं असं मी मानते.

दुसरं नाव 'शांतता! कोर्ट चालू आहे'. विजय तेंडुलकरांचं नाटक १९६७ मधलं, त्यावर सत्यदेव दुबेंनी १९७१ मध्ये सिनेमा केला. दोन्हीकडे लीला बेणारे म्हणजे सुलभा देशपांडे. वेळ घालवायला मांडलेल्या खोट्या कोर्टात बेणारेबाईंच्या खाजगी आयुष्याचीच चिरफाड होते. आरोपीला काय म्हणायचंय असं विचारल्यावर त्या गप्प राहतात. नाटकात पुढे त्यांचं मोठं स्वगत येतं, पण तेव्हा रंगमंचावरचे बाकी सगळे थिजलेले असतात. म्हणजे बाईंची बाजू प्रेक्षकांनी ऐकली, कोर्टाने ऐकलीच नाही. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

तिसरा, सिडने ल्युमेट यांचा '१२ अँग्री मेन' (१९५७). बासू चटर्जींनी १९८६ मध्ये तो 'एक रुका हुआ फैसला' म्हणून हिंदीत केला, तोही जरूर पाहा. (आपल्याकडे तेव्हा ज्युरी, म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, राहिलेलीच नव्हती, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती संपवली होती. ते मनाआड करावं लागतं.) यात साक्षीदार पिंजऱ्यात दिसतच नाहीत, नुसती त्यांची चर्चा होते. एका म्हाताऱ्याने साक्षीत सांगितलेलं असतं, की मी पंधरा सेकंदांत दारापाशी पोचलो आणि पळणारा आरोपी पाहिला. पाय ओढत चालणारा माणूस तो. ज्युरीतला एक जण तसाच पाय ओढत तेवढं अंतर चालून दाखवतो आणि घड्याळात एकेचाळीस सेकंद होतात. मग तो म्हातारा खोटं का बोलला असेल, हे ज्युरीतले सगळ्यांत वयस्क गृहस्थ सांगतात. त्यांनी त्याचा फाटका कोट पाहिला होता. ज्याचं आयुष्यभर कुणी ऐकलं नाही, त्याला एकदा तरी कुणी ऐकावं असं वाटलं असणार, असं त्यांचं म्हणणं. साक्षीदाराला खोटं ठरवतानाही त्याचा अपमान होऊ न देणारं असं दुसरं दृश्य मला माहीत नाही.

प्रश्न : साक्षीदार गीतेवर हात ठेवून शपथ घेतो आणि न्यायाधीश हातोडा आपटतात, हे खऱ्या कोर्टातही असतं का?

उत्तर : नाही. आपल्याकडची शपथ १९६९ च्या कायद्याप्रमाणे होते. ईश्वराला स्मरून किंवा नुसतं गांभीर्यपूर्वक, खरं सांगेन असं म्हणायचं; त्यात ग्रंथ लागत नाही. हातोडा मी कुठल्याही टेबलावर पाहिला नाही. 'जॉली एलएलबी' (२०१३) मध्ये सौरभ शुक्लांचे न्यायाधीश त्रिपाठी खुर्चीत वाकडेतिकडे बसतात, वैतागतात, आणि तरी कागद नीट वाचतात. तशा साहेबांपुढे मी काम केलंय.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, वकील व्हायचं म्हणते. तिला कोणता सिनेमा दाखवू?

उत्तर : आधी 'माय कझिन विनी' (१९९२) दाखवा. विनोदी आहे, पण उलटतपासणी कशी करावी याचा उत्तम पाठ आहे. एक साक्षीदार म्हणतो, मी ग्रिट्स शिजवायला टाकली आणि पाच मिनिटांत न्याहारीला बसलो. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या भरडीची पेज. ती झटपट शिजणारी नव्हती हे वकील विनी त्याच्याच तोंडून वदवून घेतो; साधी ग्रिट्स शिजायला तर वीस मिनिटं लागतात, आणि वेळेचा सगळा हिशेब कोसळतो. मकरंद अनासपुरेंचा 'कायद्याचं बोला' याच सिनेमावर बेतलेला आहे.

मग 'जय भीम' (२०२१). पोलिस कोठडीतून नाहीशा झालेल्या नवऱ्यासाठी सेंगणी मद्रास उच्च न्यायालयापर्यंत जाते. त्यातले वकील चंद्रू खरे आहेत, पुढे ते त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मारहाणीची दृश्यं फार कठीण आहेत, म्हणून तुम्ही सोबत बसा.

आणि सुट्टीत तिला खऱ्या कोर्टात घेऊन जा. सुनावणी सर्वांना खुली असते. लैंगिक अत्याचाराचे खटले मात्र बंद दालनात चालतात, तिथे सोडणार नाहीत. सकाळी शिपायाला विचारा, साक्षीपुरावा कुठे चालू आहे. मोबाइल बंद ठेवून मागच्या बाकावर बसा, आणि जमलं तर साक्षीदाराचा चेहरा दिसेल अशी जागा धरा.