लेणे, थडगे आणि दगडी पलंग

प्रश्न असा आला आहे: सायप्रसमध्ये पाफोसला कातळात कोरलेली ग्रीक वळणाची ‘राजांची थडगी’ आहेत. त्यांना मराठीत लेणी म्हणता येईल का, की लेणी फक्त बौद्ध, जैन आणि हिंदूंचीच?

खुशाल म्हणा. फक्त ती ‘बांधली’ असं म्हणू नका. ‘लेण्यांचं बांधकाम’ हे ऐकून कान किटले आहेत. पाफोसला कातळ खाली खोदत नेऊन मधे उघडा चौक काढला, भोवती डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक घडणीचे, खांब राखले आणि मागे प्रेतांसाठी दालनं पोखरली. तिथला खांब कुणी उभारलेला नाही, तो खडकातून उरवलेला आहे. आणि नावात राजे असले तरी तिथे पुरले ते बडे अधिकारी आणि श्रीमंत लोक.

‘डोंगराने ल्यालेलं लेणं म्हणून लेणे’ ही व्युत्पत्ती मात्र आता सोडा. दागिन्याचं लेणं वेगळं. आपलं लेणे आलं संस्कृत ‘लयन’वरून, प्राकृत ‘लेण’मार्गे. नाशिकच्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात, ‘इदं लेणं कारितं’ असं स्वच्छ कोरलेलं आहे. धातू ‘ली’: टेकणे, विसावणे, दडणे. आलय, निलय, विलीन सगळे त्याचेच. ‘लेणे म्हणजे भिक्षूंचं वसतिस्थान, थडग्याला तो शब्द चालणार नाही’ म्हणणाऱ्या पंडितांनी धातूकडे पाहिलेलंच नाही. विसावा जिवंताचाच असतो असं कुठे लिहिलंय?

ग्रीकांनी तर हा विसावा दगडात कोरला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात शातबी भागातल्या भुयारी थडग्यात दगडी पलंग आहेत, उशांसकट. पलंगाला ग्रीक शब्द ‘क्लिने’. जिवंतपणी मेजवानीत ज्यावर रेलायचं, तोच मेल्यावरही. रोग्याच्या खाटेशी जाणारा वैद्य तो ‘क्लिनिकोस’. आपल्या गल्लीतलं क्लिनिक तिथूनच आलं. आणि खरी गंमत पुढेच आहे. क्लिनेचा मूळ धातू ‘टेकणे’ या अर्थाचा, आणि संस्कृतात त्याचा सख्खा भाऊ ‘श्रि’. ग्रीक ‘क्ल’ तिथे संस्कृत ‘श्र’ ही जोडी पक्की आहे: कीर्तीला ग्रीक ‘क्लेओस’, वेदात ‘श्रवस्’. म्हणजे थडग्यातला तो दगडी पलंग आणि आपला ‘आश्रय’ एकाच धातूचे!