गुहागरला जा, गोळ्या मोजून न्या

पत्र थोडक्यात असं: वय ४८, राहणार चिंचवड. तीन वर्षांपूर्वी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग निघाला. रोज दुपारी जेवल्यावर इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. शेवटचा बीसीआर-एबीएल, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय त्याचा आकडा, ०.०६ टक्के आला, डॉक्टर खूश आहेत. "पण माझं मन ताळ्यावर नाही. दर तीन महिन्यांनी पीसीआरचं, म्हणजे हा आकडा मोजणाऱ्या तपासणीचं, रक्त दिलं की रिपोर्ट येईपर्यंत झोप नाही. माहेर गुहागरचं. बारा दिवस समुद्रावर जाऊन बसावंसं वाटतं. मिस्टर नको म्हणतात. भाऊ म्हणतो, इथल्या हवेत बरी होशील, तेवढे दिवस गोळ्यांना सुट्टी दे, एक वैद्य काढाही देतात. काय करू?"

सप्रेम नमस्कार ताई,

जा. पण भावाचं ऐकून नव्हे.

आधी गोळीचं, कारण तिथेच खरी मेख आहे. इमॅटिनिब बंद केली की सुरुवातीला माणसाला बरंच वाटतं. डोळ्यांखालची सूज उतरते, पोटऱ्यांतले पेटके थांबतात, मळमळ जाते. हे सगळं समुद्रकाठी घडलं की श्रेय हवेला मिळतं. प्रत्यक्षात गेलेले असतात ते गोळीचे त्रास. आजार मागच्या दाराने परत यायला लागलेला असतो, आणि तो अंगाला कळत नाही, पीसीआरला कळतो. ०.१ टक्क्याच्या खाली आलेला आकडा रोजच्या गोळीने खाली राहिलाय. काही रुग्णांची गोळी डॉक्टर थांबवून बघतात, पण ती कित्येक वर्षं आकडा अगदी तळाला राहिल्यावर, आणि पुढे सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर करत.

काढ्याला नम्रपणे नाही म्हणा. 'नैसर्गिक आहे' हा युक्तिवाद यकृताला कळत नाही. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि इमॅटिनिबचा भार यकृतावर आधीच असतो. कोकणात परसात पपनस असतं, तेही नको. ते ग्रेपफ्रूटच्या जातीचं. अशा फळांमुळे औषध शरीरात नीट मोडलं जात नाही आणि रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. कोकम चालेल.

बारा दिवसांना एकोणीस गोळ्या न्या. आठवडाभराच्या जास्तीच्या. मूळ पाकिटातच ठेवा, अर्ध्या पर्समध्ये, अर्ध्या बॅगेत. पोचल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण दमट हवा गोळीला चांगली नाही. चुलीजवळ नकोत, गाडीत तर मुळीच नकोत. तुम्ही गोळी दुपारी जेवल्यावर घेता. प्रवासाच्या दिवशी वाटेतल्या कुंभार्ली घाटाआधी घेऊ नका, उलटी झाली तर गोळी गेली. पोचून पोटभर जेवा आणि मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. एखाद्या दिवशी चार-सहा तास उशीर झाला तर चालतं. उलटीत गोळी पडलीच तर मनाने दुसरी घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

कधी जायचं? पावसाळ्यात नाही, ऑक्टोबरच्या उकाड्यातही नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. आणि रिपोर्ट हातात आल्यावर. रक्त देऊन, निकालाची वाट बघत समुद्रावर बसलात तर तुम्ही लाटा नाही, फोन बघत बसाल. निघण्याआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या आणि पांढऱ्या पेशी, विशेषतः जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल, पुरेशा आहेत ना ते विचारा.

आता चालण्याबद्दल. इमॅटिनिबवर असणाऱ्यांच्या पोटऱ्या आधीच कुरकुरतात. त्यात भुसभुशीत कोरड्या वाळूत पाऊल रुतत, पोटरी ओढत चाललात की रात्री पेटका ठरलेला. चालायचं ते ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर, जिथे पावलाचा ठसा जेमतेम उमटतो. त्यासाठी भरतीचं गणित हवं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते, त्याच्या सहा तास पुढेमागे ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला, उपयोग शून्य. त्रयोदशीला ओहोटी पावणेचारच्या आसपास, पौर्णिमेला सकाळ-संध्याकाळ सव्वापाचच्या सुमाराला, मग रोज पाऊण तास पुढे. म्हणून त्रयोदशीच्या सुमारास पोचा: पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी चाला, नंतरचे तीन-चार दिवस सकाळी. पहिल्या दिवशी पंधराच मिनिटं. किनारा उतरता असतो, एकाच बाजूने लांब गेलात तर कंबर धरते, म्हणून जितकं जाल तितकंच उलट या.

पायात फ्लोटर घाला. खडकावरच्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. कापलं तर गोड्या पाण्याने धुवा, जखम भरेपर्यंत समुद्रात पाय नको. खाऱ्या पाण्यातले जंतू कमी प्रतिकारशक्तीच्या माणसाला महागात पडतात. कालवं-तिसऱ्या नीट शिजवूनच खा. दहा ते चार उन्हात बसू नका, या गोळीने काहींची त्वचा फिकी पडते आणि लवकर भाजते. लांब बाह्यांचा सुती ब्लाऊज आणि सनस्क्रीन.

वजनकाटा न्या. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते माहेरचं जेवण नव्हे, अंगात साठलेलं पाणी. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की पॅरासिटामॉल घेऊन झोपून टाकू नका, आधी फोन आणि सीबीसी. चिपळूण साधारण ४५ किलोमीटर, त्यापुढे सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. हा कागद मिस्टरांच्या हातात द्या. ते नको म्हणतात ते बहुधा 'तिथे काही झालं तर काय करायचं' या प्रश्नाचं उत्तर नसल्यामुळे.

आणि मन. पहिले दोन-तीन दिवस वाईट जाऊ शकतात. घरात कामाच्या आवाजात भीती दबलेली असते. किनाऱ्यावर तिला ऐकू येण्याजोगी जागा मिळते. रडू आलं तर बेत फसला असं समजू नका. भीतीला वेळ ठरवून द्या: चहानंतर वीस मिनिटं, ओटीवर, वहीत. एका पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, दुसऱ्यावर ज्यांना उत्तरच नाही ते. वीस मिनिटांनी वही मिटायची. किनाऱ्यावर बसलात की एकच करा: लाट मागे सरकायला लागली की श्वास सोडायला लागा, पाणी वाळूत जिरेपर्यंत सोडत रहा. घेताना लाटेकडे लक्ष नाही दिलं तरी चालेल. दहा लाटा पुरेत.

माहेरची माणसं "किती वाळलीस गं" म्हणत येणारच. एकच वाक्य पाठ ठेवा: "गोळी चालू आहे, रिपोर्ट चांगले आहेत, तुमच्याकडचे नारळ कसे आहेत?" विषय नारळावर गेला की सहसा परत येत नाही.

परत आल्यावरही दोन आठवडे झोप आली नाही, कशात मन लागेना, तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

शेवटी विचारलंत, येताना सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, आणू का. आणा की. पण त्यातल्या मिठाने अंगात पाणी साठतं. तुमच्या वाटणीचे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, ते पाणी ओतून टाका, आणि त्या दिवशी लोणचं-पापड बाद.