केटीतून पोलिसांनी नेलेला भाऊ कुठल्या जेलमध्ये आहे, हे भारतातून कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मावसभाऊ ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, शनिवारी रात्री त्याला पोलिसांनी नेलं असं रूममेट सांगतो, आणि तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे. काऊंटी जेलमध्ये नुकत्याच अटक झालेल्यांची यादी कुणालाही बघता येते असं तुम्ही ऐकलंत. ती नेमकी कुठे असते, आणि गुगलवर सगळ्यात वर येणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट्सना पैसे भरावेत का?

पैसे भरू नका. यादी फुकट असते. मी ह्यूस्टनमध्ये एका फौजदारी वकिलांच्या ऑफिसात नऊ वर्षं काम करते आहे आणि सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की आधी हीच यादी उघडते. इथे तिला ‘जेल रोस्टर’ किंवा ‘इनमेट सर्च’ म्हणतात.

पण यादी उघडण्याआधी काऊंटी ठरवावी लागते, आणि बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. काऊंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. टेक्ससमध्ये अशा २५४ काऊंट्या आहेत. प्रत्येक काऊंटीचा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस आणि जेलचा प्रमुख, लोकांनी निवडून दिलेला असतो आणि आपापल्या जेलची यादी जो तो आपापल्या साइटवर ठेवतो. केटी तर हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काऊंट्यांत पसरलेलं गाव आहे. एका चौकात पकडलं तर माणूस ह्यूस्टन डाउनटाउनच्या हॅरिस काऊंटी जेलमध्ये जातो, पुढच्या चौकात पकडलं तर रिचमंडच्या फोर्ट बेंड जेलमध्ये. भावाचं घर कुठल्या काऊंटीत आहे ते बाजूला ठेवा. अटक कुठे झाली ते बघा.

म्हणून रूममेटला दोन गोष्टी विचारा. नेमक्या कुठल्या रस्त्यावरून नेलं? आणि गाडीच्या दारावर काय लिहिलं होतं? दारावर शेरीफ असेल तर काऊंटीचं नावही तिथेच असतं. ‘कॉन्स्टेबल’ लिहिलेलं असेल तर गोंधळू नका, टेक्ससमधला कॉन्स्टेबल आपल्याकडच्या हवालदारासारखा नसतो. तोही निवडून आलेला अधिकारी असतो आणि त्याची माणसं पकडलेल्याला काऊंटी जेलमध्येच आणतात. शहराचे पोलीस असतील तर काही ठिकाणी आधी काही तास गावच्या लॉकअपमध्ये ठेवतात आणि मग काऊंटीकडे पाठवतात. तेवढा वेळ नाव काऊंटीच्या यादीत दिसणार नाही.

अजून एक घोळ. मराठीत जेल काय आणि प्रिझन काय, दोन्ही तुरुंगच. इथे जेल काऊंटीचं असतं, नुकतीच अटक झालेल्यांसाठी आणि छोट्या शिक्षांसाठी. प्रिझन राज्याचं असतं, मोठी शिक्षा झालेल्यांसाठी. राज्याच्या तुरुंग खात्याच्या साइटवर तुमचा भाऊ सापडणार नाही, तिथे वेळ घालवू नका.

आता साइट. गुगलवर ‘रीसेंट अरेस्ट्स’ टाकलं की आधी खाजगी साइट्स येतात. त्या शेरीफच्या यादीतली नावं आणि फोटो उचलतात, आणि माणूस सुटला, खटला रद्द झाला तरी तसेच ठेवतात. फोटो काढून टाकायचे पैसे मागण्याचा धंदा इतका वाढला होता की २०१३ मध्ये टेक्ससला त्यावर कायदा करावा लागला. सरकारी साइटचा पत्ता ‘डॉट गव्ह’नेच संपतो असंही नाही, हॅरिस काऊंटी शेरीफचा ‘डॉट ऑर्ग’ आहे. म्हणून आधी काऊंटीच्या मुख्य साइटवर जा, तिथून शेरीफच्या पानावर आणि तिथून जेलच्या शोधावर. खरी साइट नाव दाखवण्याआधी कार्ड नंबर मागत नाही.

आता नाव टाकायचं, आणि आपल्या लोकांची खरी अडचण इथे येते. आपल्या पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव मिळून एकच रकाना असतो. इथल्या लायसन्सवर ते कधी जोडून येतं, कधी तुटून येतं, आणि जेलमध्ये रात्री दोन वाजता नाव टाइप करणाऱ्याला त्यातलं आडनाव कुठलं हे कळायला काही मार्ग नसतो. वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलेलं मी कितीदा पाहिलं आहे. आडनावात ‘क्ष’ असेल तर कुणी ‘के-एस-एच’ लिहितं, कुणी ‘एक्स’. ‘व’चा ‘व्ही’ होतो नाहीतर ‘डब्ल्यू’. पासपोर्टवर एकच नाव असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापलेलं असतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही, आणि जेलची नोंदसुद्धा कधी तशीच होते. त्यामुळे पूर्ण नाव टाकून ‘सापडलं नाही’ आलं की घाबरू नका. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाकून बघा. मग आडनावाच्या जागी वडिलांचं नाव टाका. मग नाव आणि आडनाव उलटं करा. जन्मतारीख मागितली तर लक्षात ठेवा, इथे महिना आधी आणि तारीख नंतर. ५ ऑगस्टचा माणूस आपल्या पद्धतीने टाकला तर ८ मेचा होतो, आणि साइट मुकाट्याने ‘नाही’ म्हणते.

एवढं करूनही नाव नसेल तर बहुधा बुकिंग, म्हणजे जेलमधली नोंदणी, पूर्ण झालेलं नाही. अटक होणं आणि यादीत येणं यांच्यामध्ये बोटांचे ठसे, फोटो, अंगावरच्या वस्तूंची नोंद, तब्येतीची विचारपूस हे सगळं असतं. शनिवारच्या रात्री रांग लांब असते. सहा-आठ तास सहज जातात, जास्तही जातात. अर्थात उलटंही झालेलं असू शकतं. यादीत फक्त आत्ता आत असलेली माणसं दिसतात, सुटला की नाव गेलं. तसं वाटलं तर डिस्ट्रिक्ट क्लार्कच्या, म्हणजे कोर्टाच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, साइटवर खटल्यांचा शोध असतो, तिथे सुटलेल्या माणसाचीही केस दिसते. हॅरिसमध्ये प्रत्येक आरोपीला ‘एसपीएन’ नावाचा क्रमांक मिळतो. तो एकदा हाती आला की स्पेलिंगची कटकट संपते, म्हणून दिसताक्षणी लिहून ठेवा.

नाव सापडलं की बुकिंग नंबर, आरोप, बाँडची म्हणजे जामिनाची रक्कम, कोर्ट आणि पुढची तारीख दिसेल. बाँडच्या जागी शून्य किंवा ‘नो बाँड’ बघून गेल्या वर्षी एक काका फोनवर रडायला लागले होते. त्यांना वाटलं, मुलाने काहीतरी भयंकर केलंय. तसं नसतं. अनेकदा मॅजिस्ट्रेटसमोर अजून नेलेलंच नसतं, एवढाच त्याचा अर्थ असतो. टेक्ससच्या कायद्याप्रमाणे अटकेनंतर ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, आणि हॅरिस काऊंटीत ही सुनावणी रात्रंदिवस चालू असते. काही तासांनी पुन्हा बघा, रक्कम बदललेली असेल.

मात्र तिथे ‘आयसीई होल्ड’ किंवा ‘इमिग्रेशन डिटेनर’ असे शब्द दिसले तर एक तासही घालवू नका. आयसीई म्हणजे परदेशी लोकांना ताब्यात घेणारं अमेरिकेचं इमिग्रेशन खातं. बाँड भरला तरी तो घरी न येता इमिग्रेशनच्या ताब्यात जाऊ शकतो, आणि मग काऊंटीच्या यादीतून नाव गायब होतं. घरच्यांना वाटतं सुटला. अशा वेळी आयसीईच्या ‘डिटेनी लोकेटर’वर शोधायचं. तिथे ‘ए’ने सुरू होणारा नऊ आकडी क्रमांक आणि जन्मदेश लागतो. क्रमांक नसेल तर नाव आणि जन्मदेश चालतो, पण नाव अक्षरशः तंतोतंत जुळावं लागतं, पहिली तीन अक्षरं टाकून भागत नाही.

वकील बघतानाही हेच डोक्यात ठेवा. आरोप छोटा दिसला तरी व्हिसावर त्याचा परिणाम मोठा होऊ शकतो. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरून व्हिसा रद्द झालेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात सांगितलं की गुन्हा कबूल केल्यास देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, हे वकिलाने परदेशी आरोपीला सांगितलंच पाहिजे. त्यामुळे ‘कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो’ असा सल्ला मित्रांनी दिला तर ऐकू नका. परवडत नसेल तर त्याने मॅजिस्ट्रेटसमोरच सरकारी खर्चाने वकील मागावा.

भारतीय वकिलातीला पोलीस आपणहून कळवतात असा सगळ्यांचा समज असतो. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतल्या परदेशी माणसाला वकिलातीशी संपर्क मागता येतो. काही देशांच्या नागरिकांबाबत तर अमेरिकी पोलिसांना आपणहून कळवावंच लागतं, पण त्या यादीत भारत नाही. म्हणजे ‘माझ्या वकिलातीला कळवा’ हे त्याने स्वतः म्हणायला हवं. टेक्सस ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीच्या हद्दीत येतं. तुम्ही तिकडून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवू शकता. बुकिंग नंबर आणि पासपोर्ट नंबर दिलात तर काम लवकर हलतं.

आतल्या माणसाला बाहेरून फोन लावता येत नाही. तो बाहेर फोन करू शकतो, पण भारतात लागेलच असं नाही, म्हणून रूममेटने फोन हातात ठेवावा आणि अनोळखी नंबरही उचलावा. फोन रेकॉर्ड होतात. ‘त्या रात्री काय झालं’ हे फोनवर अजिबात विचारायचं नाही, जेवलास का, वकील बघतोय, एवढंच बोला. सुटल्याचं लगेच कळायला ‘व्हाइन’सारखी फुकट सेवा असते. त्या काऊंटीत सध्या कुठली आहे ते शेरीफच्या साइटवर बघून रूममेटने तिथे नाव नोंदवावं. ‘व्हाइन’ मुळात पीडितांसाठी निघाली. १९९३ मध्ये केंटकीत मेरी बायरन नावाच्या मुलीचा, तिचा आरोपी जेलमधून सुटल्याचं तिला कुणी न कळवल्यामुळे, एकविसाव्या वाढदिवशी खून झाला. पुढच्या वर्षी तिच्याच काऊंटीत ती सुरू झाली. आज कैद्यांच्या घरचेही ती वापरतात.

एका फोनपासून मात्र सांभाळा. नावं सगळ्यांना दिसतात तशी ती भामट्यांनाही दिसतात. ‘मी जेलमधून बोलतोय, आत्ता इतके डॉलर पाठवा, मुलगा तासाभरात सुटेल’ असा फोन आला तर ठेवून द्या. शेरीफचं ऑफिस गिफ्ट कार्डवर किंवा यूपीआयवर बाँड घेत नाही. बाँड जेलच्या खिडकीवर भरतात नाहीतर परवानाधारक बाँड्समनकडून, म्हणजे पैसे घेऊन जामीन राहणाऱ्याकडून, करून घेतात, आणि बाँड्समनला दिलेले साधारण दहा टक्के परत मिळत नाहीत.

हे सगळं उघड्यावर का ठेवतात, असं मला पुष्कळ लोक चिडून विचारतात. इथला विचार असा की सरकारने माणूस उचलला आणि कुठे ठेवलाय ते कुणालाच कळलं नाही, याच्याइतकी वाईट गोष्ट नाही. टेक्ससच्या माहिती कायद्यात अटकेची मूळ माहिती म्हणूनच खुली आहे. आपल्याकडेही नव्या नागरिक सुरक्षा संहितेत अटक झालेल्यांची नावं प्रत्येक पोलीस ठाण्यात लावायला सांगितलं आहे. मला हा विचार पटतो. त्याच्यामुळेच तर तुम्ही सात समुद्रापलीकडून भावाला शोधू शकता आहात.

पण त्याची किंमतही मी जवळून पाहिली आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाकडून दुकानात स्वतः बिल करताना दोन वस्तू स्कॅन करायच्या राहून गेल्या आणि त्याला अटक झाली. कुणीतरी रोस्टरवरचा फोटो उचलून ग्रुपवर टाकला. केशरी कपडे, विस्कटलेले केस, सुजलेले डोळे. त्याची आई गावी सकाळचा चहा करत होती, शेजारणीने फोन पुढे केला आणि तिला तिथे कळलं. चार महिन्यांनी केस रद्द झाली. नंतर कोर्टाच्या आदेशाने सरकारी नोंदीही पुसल्या गेल्या. तो फोटो अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे, तो पुसायचा आदेश कुठलं कोर्ट देणार?

तेव्हा भावाचं पान सापडलं की त्याच्या आई-वडिलांना तुम्ही स्वतः फोन करा, स्क्रीनशॉट कुणालाही पाठवू नका. आणि प्रश्नात तुम्ही त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख लिहिली आहे, ती आत्ताच्या आत्ता काढून टाका.