अंगणातील प्रश्न : आईची शेवंती बाबांबरोबर पुन्हा लावताना

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत माती, रोपे आणि कुंड्या यांचेच प्रश्न अधिक असतात. या वेळी नागपूरहून आलेल्या तीन पत्रांत फुलांबरोबर घरातील वडीलधाऱ्या माणसांविषयीही विचारले आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे घर प्रतापनगरला आहे आणि घरापुढे बारा बाय आठ फुटांचा वाफा आहे. माझी आई त्यात दरवर्षी शेवंती लावीत असे. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि वाफा ओसाड पडला. बाबा ७९ वर्षांचे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. गेल्या वर्षी त्यांना बरे वाटावे म्हणून मी एका रविवारी माळी बोलावून दिवसभरात गुलाब आणि इतर रोपे लावून घेतली. पण बाबांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि मेच्या उन्हात बहुतेक रोपे करपली. आता तेच म्हणतात, "यंदा तुझ्या आईची शेवंती मी लावणार." मला आनंद झाला, पण एप्रिलमध्ये ते अंगणात तोल जाऊन पडता पडता वाचले, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि पुण्याची बहीण रोज फोनवर बजावते की त्यांच्या हातात कुदळ देऊ नकोस. मी काय करावे?

उत्तर : बाबांना शेवंती लावू द्या, आणि ती त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लावू द्या. गेल्या वर्षी जागा माळ्याने ठरवली, रोपे तुम्ही निवडली आणि संध्याकाळपर्यंत सारे उरकले, तेव्हा बाबांना त्यात ठरवण्यासारखे काहीच उरले नव्हते. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझ्या आईचे गुडघे दुखू लागले तेव्हा मीही एकदा तिच्या नकळत तिच्या सगळ्या कुंड्या हलवून, रंगवून, ओळीने मांडून ठेवल्या होत्या, आणि त्यानंतर तिने आठवडाभर झारीला हात लावला नाही. ती काही बोलली नाही, म्हणून मला ते कळायलाही उशीर झाला.

पहिले काम रोपवाटिकेत जाण्याचे नाही. तुमच्या आईची शेवंती कदाचित अजून तुमच्याच गल्लीत असेल. शेवंती बियांवर चालत नाही; फुले संपल्यावर बुंध्याजवळून जे फुटवे निघतात, ज्यांना आपण काश्या म्हणतो, त्यांच्यावरच ती वर्षानुवर्षे चालते, आणि जी बाई दरवर्षी शेवंती लावते ती शेजारणींना काश्या दिल्यावाचून राहत नाही. असा फुटवा म्हणजे त्याच झाडाचा पुढचा भाग असतो, त्यामुळे फूल त्याच रंगाचे आणि त्याच बांधणीचे येते. बाबांना विचारा की आईने कोणाकोणाकडे दिली होती, आणि एखाद्या सकाळी त्यांना बरोबर घेऊन त्या घरी जा. मागण्याचे काम त्यांनाच करू द्या. दोन घरी नाही म्हणतील, तिसऱ्या घरी तुळशीमागच्या डब्यात चार फुटवे जगलेले सापडतील. न सापडल्या तर मग रोपवाटिकेतून आणाव्यात, परंतु आधी विचारून यावे.

लागवड जून-जुलैत, पहिला चांगला पाऊस पडून जमीन निवल्यावर करावी. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. शेवंतीला हे पाणी सोसत नाही, मुळे कुजतात. म्हणून एक भाग ती माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड रेती असे मिश्रण करावे व वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावा. खणण्याचे आणि घमेली वाहण्याचे काम तुमचे. मात्र ते बाबा घरात झोपलेले असताना उरकू नका. त्यांना खुर्चीवर बसवा आणि कोठे किती खणायचे हे त्यांनी सांगावे. माती हातात घेऊन मुठीत दाबून पाहावी. लाडू वळला आणि बोटाने टोचताच फुटला तर ओल बरोबर आहे. ही पारख बाबांना येत असेल तर ती तुम्ही त्यांच्याकडून शिकून घ्यावी.

आता पडण्याच्या भीतीविषयी लिहितो. ती खरी आहे आणि बहिणीची काळजी रास्त आहे. परंतु माणूस दिवसभर खुर्चीत बसून राहिला तर पायांची ताकद आणि तोल दोन्ही कमी होत जातात, त्यामुळे न हालणे हादेखील बिनधोक मार्ग नाही. धोका बहुतेक वेळा काही ठराविक ठिकाणी असतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला उकिडवे बसून एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. तेव्हा खाली बसणेच टाळावे. विटांचे दोन खांब करून त्यांवर शहाबादी फरशी टाकली की कुंड्या कमरेच्या उंचीवर येतात. वाफ्यातच लावायचे असेल तर एका बाजूला विटांची दोन फूट उंच आणि दोनच फूट रुंद अशी पेटी बांधून घ्यावी, तळाशी पाणी जाण्यास भोके ठेवावीत व विटांचे तुकडे भरावेत. स्टुलावर बसून हात पलीकडच्या काठापर्यंत पोचला पाहिजे, एवढाच तिच्या रुंदीचा हिशेब आहे. तुमच्या वाफ्याचा उरलेला भाग तुम्ही सांभाळावा.

पावसाळ्यात फरशीवर धरणारे शेवाळ दर आठवड्याला खरवडून काढा. आडवा पडलेला पाण्याचा पाइप हे अंगणात पडण्याचे दुसरे मोठे कारण, तो वापरून झाला की गुंडाळून खिळ्याला लावावा. घरातल्या झिजलेल्या रबरी चपलांवर बाबांनी अंगणात उतरू नये, मागे पट्टा असलेली पायताणे घ्यावीत. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की मूठ जाड होते आणि सांधे दुखणाऱ्या बोटांना ती घट्ट धरावी लागत नाही. पाच लिटरची भरलेली झारी पाच किलोंहून जड असते. त्यांच्यासाठी दीड-दोन लिटरची निराळी ठेवा. म्हातारपणी तहान लागल्याचे लवकर जाणवत नाही, म्हणून पाण्याचा तांब्या त्यांच्या शेजारीच असू द्या. जून निवेपर्यंत सकाळी साडेसहा ते आठ, आणि थंडीत नऊनंतर उन्हात, एवढीच वेळ पाळा. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत झाले आहे ना, हे एकदा डॉक्टरांना विचारून घ्या आणि चक्कर पुन्हा आली तर तिचेही कारण त्यांच्याकडून तपासून घ्या.

कुदळ मात्र त्यांच्या हातातून हिसकावू नका. त्यांनी मागितली तर द्या, शेजारी उभे राहा आणि दोन घाव घालू द्या. बहुतेक वेळा त्यानंतर ते स्वतःच ती परत करतात.

शेवंतीसाठी मी एवढा आग्रह धरतो, कारण तिचे सर्वांत महत्त्वाचे काम बसून करण्याचे आहे. रोप वीतभर झाले की त्याचा शेंडा खुडतात, म्हणजे खालून फांद्या फुटतात. त्या वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडतात, आणि हे ऑगस्टअखेरपर्यंत चालते. त्यापुढे खुडू नये, कारण दिवस लहान होऊ लागले की रोप कळ्यांच्या तयारीला लागते. या कामाला जोर लागत नाही, अंगठ्याचे नख आणि तर्जनी पुरते. पण कोणता शेंडा ठेवायचा हे पाहावे लागते आणि तेथे जुना माणूस आपल्यापेक्षा सरस ठरतो. माझी आई खुडून झाल्यावर बोटे धुण्याआधी नातवाच्या नाकापुढे धरीत असे. शेवंतीच्या पानाचा तो कडसर, उग्र वास हाताला बराच वेळ राहतो. आमच्या घरात ऑगस्ट महिना त्या वासाने ओळखला जाई.

एक गोष्ट अवश्य पाहा. कंपाउंडबाहेर महानगरपालिकेचा नवा दिवा लागला असेल आणि त्याचा उजेड रात्रभर वाफ्यावर पडत असेल तर शेवंती नुसती वाढत राहील, फुलणार नाही. तिला कळी धरण्यासाठी लांब आणि अखंड काळोखी रात्र लागते. अशा वेळी जागा बदलावी किंवा त्या बाजूला जाड कापडाचा आडोसा करावा. सगळे नीट झाले तर नोव्हेंबर-डिसेंबरात फुले येतील.

मध्येच एखाद्या सकाळी बाबा येणार नाहीत. आईचा वाफा आहे, तेव्हा ते होणारच. त्या दिवशी तुम्ही पाणी घाला आणि बोलावण्यासाठी मागे लागू नका. मात्र जेवण, झोप आणि माणसांशी बोलणे यांतूनही मन उठलेले अनेक आठवडे दिसत राहिले तर ते बागेवर सोपवू नका, डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : मानेवाडा भागात राहते. माझ्या ७६ वर्षांच्या आईला स्मृतिभ्रंश आहे. तिला फुलांची फार आवड; पण ती तण समजून रोपे उपटते आणि एकाच कुंडीला दिवसातून चार वेळा पाणी घालते. मी ओरडते, मग मलाच वाईट वाटते. तिच्या हाती काय द्यावे?

उत्तर : तिच्या हातून जे होते, ते सोसणारी झाडे द्या. कर्दळीला कितीही पाणी चालते, तेव्हा आईची पाणी घालण्याची कुंडी कर्दळीची असू द्या. खाली मोठी भोके ठेवा आणि बशी ठेवू नका, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. सदाफुली मात्र अशा पाण्याने कुजते, ती दूर ठेवा. उपटण्यासाठी एक कोपरा मोकळा सोडा, तेथे गवत उगवू द्या आणि तो कोपरा तिचा असे घरात सर्वांना सांगा.

झेंडूचे बी काढण्याचे काम तिच्यासारख्या व्यक्तीला फार चांगले. वाळलेले फूल हातात घ्यायचे, खालचा देठाचा भाग धरून उघडायचे, आणि काळ्या-पांढऱ्या काड्यांसारखे बी ताटात पाडायचे. एका फुलात कितीतरी बी निघते, त्यामुळे चूक झाली तरी काही बिघडत नाही. त्याच बिया जुलैच्या उत्तरार्धात ताटलीभर मातीत पेरा, महिन्याने रोपे हलवा. पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुले येऊ लागतात आणि दसऱ्याच्या तोरणाला घरची फुले होतात. तोरण ओवण्याचे काम हातांना आठवते, तोंडाने सांगता येत नसले तरी. सुई मात्र बोथट आणि मोठ्या नाकाची घ्या.

काही झाडे तुमच्या अंगणात असताच कामा नयेत. कण्हेर, पिवळ्या फुलांची बिट्टी आणि धोतरा ही तिन्ही विषारी आहेत, बिट्टीचे बी तर फारच. आई वस्तू तोंडात घालत असेल किंवा फुले पाण्यात टाकून ते पाणी पीत असेल तर ती काढूनच टाका. फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि सरबताच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. फाटकाला कडी अशी लावा की ती बागेतून एकटी रस्त्यावर जाणार नाही.

ओरडण्याविषयी आपण लिहिले आहे. उपटलेले रोप संध्याकाळी पुन्हा रोवता येते. आपल्या एका काकूंना सोबत बसवून तासभर तुम्ही स्वतः बाहेर जाऊन आलात तर त्यानेही फरक पडेल. रोज एकट्याने सांभाळणाऱ्या मुलीला एवढी सवड मिळालीच पाहिजे.

प्रश्न : बेसा येथे पाचव्या मजल्यावर राहतो. वडिलांना गॅलरीत मोगरा हवा आहे, पण गॅलरी पश्चिमेला असून दुपारनंतर ऊन थेट येते. जगेल का?

उत्तर : जगेल, मोगऱ्याला ऊन हवेच असते. आपल्याकडे रोपापेक्षा कुंडीच जास्त तापते आणि मुळे भाजतात. म्हणून मोगऱ्याची कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत रेती भरावी आणि उन्हाळ्यात ती रेती ओली ठेवावी. एप्रिल-मेमध्ये दुपारपुरती हिरवी जाळी ओढावी. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी घालू नये. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, त्याचा पांढरा थर टाकीला दिसतोच. जानेवारीअखेरीस पाणी थोडे तोडून छाटणी करावी, शेणखत द्यावे, म्हणजे मार्चपासून कळ्या धरतात. छाटणी वडिलांनी करावी, कुंडी भिंतीपासून हातभर पुढे ओढण्याचे काम तुम्ही करा. बारा इंची कुंडी ओल्या मातीसह वीस किलोंच्या पुढे जाते. टपोऱ्या झालेल्या कळ्या संध्याकाळी तोडून ओल्या फडक्यात ठेवल्या की रात्री उमलतात. त्यांतली दोन फुले माठात टाकण्याची वडिलांची सवय असेल, तर त्या रोपावर कोणतेही कीटकनाशक मारू नका.